तुळशीरामभाऊंची तयारी

आमच्या शेजारच्या अंगणाच्या फाटकावर एक जाडजूड काळा बाण होता. टोक आभाळाकडे. बाणाखाली रशियन अक्षरांत एक शब्द, त्याखाली आणखी दोन. फाटक रशियाहून आलेल्या यंत्राच्या खोक्याच्या फळ्यांचं होतं. सुतारानं ते पहिल्यांदा बसवलं तेव्हा बाणाचं टोक जमिनीकडे आलं होतं. फाटकाच्या मालकानं ते तिथल्या तिथं उखडायला लावलं. सुतार बिचारा म्हणाला, "भैया, फाटक तो दोनों तरफ से फाटक है." त्यावर मालक कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाप्पा! वर म्हणजे वर! उद्या कोणी रशियन साहेब इकडून गेला, न् त्यानं पाहिलं का ह्या माणसाचं फाटकच उलटं आहे, तर मले कोण नेईन तिकडं?"

हे तुळशीराम रामटेके. आमच्या कामगारांच्या कॅम्पातले खोकेवाले भाऊ.

भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जिकडे बघावं तिकडे खणलेलं, आणि रोज मालगाड्या भरभरून रशियन खोकी यायची. काही खोकी तर आमच्या क्वार्टरपेक्षा मोठी. भाऊ स्टोअर यार्डात तपासनीस होते. खोक्यावरचं वाचायचं, कागदाशी ताडून बघायचं आणि क्रेनवाल्याला सांगायचं की हे कसं उचल. या कामाच्या नादानं ते रशियन शिकले, पण खोक्यावर असते तेवढीच. 'ओस्तोरोझ्नो' म्हणजे जपून. 'वेर्ख' म्हणजे वरची बाजू. 'ने कान्तोवात' म्हणजे उलटंपालटं करू नये. ओलीपासून जपा. दोर इथे लावा. एकूण वजन, नक्त वजन. संपली भाषा. एवढ्या शिदोरीवर हा माणूस रशियाला निघाला होता.

निघाला होता म्हणजे खरोखरच निघाला होता हो. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हापासून त्यांचा होल्डॉल बांधलेला मी बघत होतो. पट्टे आवळलेले, बाहेर आडनाव रंगवलेलं. रात्री नवराबायको चटईवर झोपायची, कारण अंथरूण होल्डॉलमध्ये. पाहुणा आला तर तो होल्डॉलवर बसायचा. भाऊ स्वतः कधीच बसायचे नाहीत. चहा उभ्यानं, जेवण निम्मं उभ्यानं, पायात सदा बूट. मी म्हणायचो, "बसा की भाऊ." ते खिडकीतून बाहेर बघत म्हणायचे, "बसून काय करू गा वसंता? निघायचं आहे."

या 'निघायचं आहे'नं माझं डोकं उठायचं. मी इलेक्ट्रिकलमध्ये होतो, तुमसरकडचा, एकटा, आणि शिफ्ट करून आलं की मला शांतता हवी असायची. ती कुठली मिळायला! पलीकडून भाऊंचा आवाज यायचा. वहिनी उकळती डाळ घेऊन निघाल्या की "ओस्तोरोझ्नो!" गल्लीतली पोरं मडकं घेऊन नळावर धावली की "ने कान्तोवात रे!" पावसात कोणी भिजत आला की त्याला ओलीपासून जपायचा रशियन सल्ला. दुर्गच्या बाजारात एकदा त्यांनी हमालाला पोत्यावर बोट ठेवून, दोर कुठे लावायचा, ते रशियनमध्ये सांगितलं. हमालानं बरोबर तिथेच लावला. भाऊ मला कोपरानं ढोसून म्हणाले, "पाहिलं? समजते लोकाईले."

थंडीची तालीम तर विचारूच नका. दुर्गला बर्फाचा एक कारखाना होता. भर मे महिन्यात भाऊ लोकरी कानटोपी घालून तिथे जायचे, मालकाला मस्का लावायचे आणि बर्फाच्या लाद्यांमध्ये अर्धा तास उभे राहून पाढे म्हणायचे. थंडीत डोकं चालतं की नाही ते बघायला. सतराच्या पाढ्यापर्यंत चाललं, मग सपाटून ताप भरला. तापातही म्हणत होते, "अठराचा तिकडं जाऊन करीन."

त्या काळात कारखान्यातली माणसं ट्रेनिंगसाठी रशियाला जायची. सहा महिने, आठ महिने. दर काही महिन्यांनी एक बॅच. आणि निघणारी प्रत्येक बॅच आधी भाऊंच्या अंगणात यायची. शिफ्ट सुटल्यावर दहाबारा बाप्ये खोक्यांवर ओळीनं बसलेले, आणि समोर भाऊ येरझाऱ्या घालत शिकवताहेत. भाषेचे तर त्यांच्याकडे पंधरावीस शब्द, ते दोन दिवसांत संपायचे. म्हणून त्यांनी दुसरा विषय काढला होता, चित्रकला.

"भाषा अडली का चित्र काढायचं," ते म्हणायचे. "माणूस चित्राले नाही म्हणत नाही." प्रत्येकानं दहा चित्रं पाठ करायची. पाण्याचा गिलास, अंडं, गाडी, संडास, डॉक्टर, घर, आई, अशी. वेल्डर लोक काय चित्रं काढणार? त्यांची आई आणि संडास सारखेच दिसायचे. भाऊ पाटी पुसायला लावायचे आणि पुन्हा काढायला लावायचे. एक जोशी म्हणून फिटर होता, अंडंसुद्धा चोरून खाणारा. त्यानं तिकडे अंडं मागायला कोंबडी काढली. त्याच्यापुढे अख्खी भाजलेली कोंबडी आली. परत आल्यावर तो भांडायला आला, तर भाऊ म्हणाले, "म्हणजे चित्र चांगलं आलं होतं!" दुसऱ्या एकानं कोटासाठी खुंटी हवी म्हणून कोट हातात धरून 'दोर इथे लावा' म्हटलं. खुंटी मिळाली बाप्पा! त्या दिवशी भाऊंनी सगळ्या गल्लीला चहा पाजला.

तिसरा विषय कविता. "पाहुण्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये," हे त्यांचं म्हणणं. "आता सांग, काय नेशील? पापड नेशील तर चुरा होते. लोणचं नेशील तर तेल गळते. कवितेले वजन नाही. कस्टमवाला धरत नाही." म्हणून त्यांनी तिकडच्या यजमानांसाठी स्वतः कविता रचली होती आणि प्रत्येक बॅचला पाठ करून दाखवायचे, पण कोणाला द्यायचे नाहीत. ती त्यांची स्वतःची होती.

आलो पाहुणा दुरून, हाती काही नाही बाई,
ऊन आणलं घरचं, त्याले वजनच नाही,
ठेवा बर्फात जपून, ओल लागू देऊ नका...

"आणि चौथी ओळ?" कोणीतरी विचारायचंच.

"चौथी तिकडं गेल्यावर सुचन."

घरात शिरल्यावर समोरची अख्खी भिंत म्हणजे रशिया होता. यार्डात रंगारी लोक डब्यांच्या तळाशी रंग सोडून जायचे. भाऊ ते बिननावाचे डबे घरी आणायचे. खाली चुन्याचा पांढराशुभ्र बर्फ, एक नदी, आणि बर्फातून वर आलेली झाडंच झाडं. बुंधे हिरवे आणि पानं लाल. लोखंडाला गंज लागू नये म्हणून मारतात ना, त्या रंगाची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. म्हटलं, "भाऊ, बुंधा हिरवा आणि पानं लाल? उलटंपालटं केलंत की हो!"

भाऊंचा चेहरा एकदम उतरला. हातातला कप तसाच राहिला. तेवढ्यात सुभद्रावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मीच सांगतलं तसं करा म्हणून. मले आवडते लाल." असं काही ठणकावून म्हणाल्या की मी उरलेला चहा एका घोटात संपवला. भाऊ सावरले. "तिकडं असतात अशी झाडं," ते म्हणाले. "तू गेला होता का पाहाले?"

माझं काय म्हणणं होतं, की तुम्ही तरी कुठे गेला होता! एक बॅच गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. भाऊ प्रत्येक बॅचला दुर्ग स्टेशनावर पोचवायला जायचे, गाडी हलली की डब्याबरोबर थोडं धावायचे आणि 'ने कान्तोवात' ओरडायचे. मग सायकलवरून परत. स्वतः अर्जच करायचे नाहीत! विचारलं की एकेक कारण. ह्या वेळी भाषा कच्ची आहे. ह्या वेळी नदीचा रंग वाळायचा आहे. ह्या वेळी चौथी ओळ नाही. अरे, चौथी ओळ तिकडे गेल्यावर सुचणार ना? मग जा की! मला अक्षरशः चीड यायची. इतकी हौस, आणि अर्जाचा कागद हातात धरला की हा माणूस वाटेतल्या सापाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघणार.

शेवटी सहाव्या बॅचचं निघालं. मी माझा अर्ज भरला आणि त्याबरोबर एक त्यांचाही. जन्मतारीख वहिनींकडून घेतली. वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "नका भरू भाऊजी. त्यायचं चालू आहे थे चालू द्या."

"अहो वहिनी, त्यांना जायचंच आहे."

"जायचं तर आहेच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. मी आपला भलं करायला निघालो होतो. सही त्यांच्याकडूनच घेतली, रेशनचा कागद आहे म्हणून. आज सांगायलाही लाज वाटते.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा भाऊंनी तो कागद दोनदा वाचला आणि होल्डॉलवर बसले. बसले! मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहत होतो. मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण ते हळूच म्हणाले, "मुलाखतीत फक्त बोलाचंच असते ना गा?"

"फक्त बोलायचं."

"मंग जातो. बोलाले काय लागते?"

उन्हाळ्यामुळे मुलाखतीच्या खोलीचं दार उघडं आणि दारावर वाळ्याची ताटी, त्यामुळे बाहेर बसून मला सगळं ऐकू आलं. आत आपले दोन साहेब, एक रशियन साहेब आणि एक दुभाष्या. दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, तुम्हाला रशियन येते असं ऐकलं. स्वतःची ओळख करून द्या."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊ उभे राहिले असणार. मग खणखणीत आवाजात रशियनमध्ये सुरू झाले, "नग क्रमांक एक! एकूण वजन पंचावन्न किलो. नक्त वजन त्रेपन्न." मधे थांबून मराठीत म्हणाले, "बूट मोठे आहेत साहेब." पुन्हा रशियन. "वरची बाजू," हे डोक्याला हात लावून असणार. "जपून. ओलीपासून जपा. उलटंपालटं करू नये."

मी म्हटलं, गेलं. आणि मग तो रशियन साहेब जो हसायला लागला, की त्याची खुर्ची करकरली. त्यानं काहीतरी विचारलं. दुभाष्या हसत हसतच म्हणाला, "साहेब विचारतात, दोर कुठे लावायचा?" भाऊ म्हणाले, "साहेबाईले म्हणा, इथं," आणि नंतर कळलं की त्यांनी छातीवर हात ठेवला होता. रशियन साहेबानं उठून त्यांचे दोन्ही हात धरले. मग तिन्ही ओळींची कविता झाली. चौथी का नाही तेही सांगून झालं. साहेब म्हणाला, मग याला पाठवावंच लागेल.

त्या दिवशी भाऊ सायकलवर बसले नाहीत. सायकल हातात धरून खुर्सीपारच्या वळणापर्यंत चालत आले, एकटेच हसत. मला म्हणाले, "वसंता, माह्या बाबाले पत्र टाकतो. गोंदियाले. बाबा मेल गाडीचा ड्रायव्हर होता, दोघं भाऊ रेल्वेत. पण थे कोठपर्यंत गेले? हावड्यापर्यंत. होय का नाही?" सगळ्या घरात हे एकटेच रेल्वेत का नाहीत, असं मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

मग मेडिकलची तारीख लागली. भाऊंनी मला चार दिवसांत चाळीसदा तरी विचारलं असेल, "डाक्टर नाडी पाहते ना फक्त? छाती पाहते. अजून काय पाहते?" मी म्हणायचो, "बघतील सगळं, तुम्ही ठणठणीत आहात." त्यांना झोप नव्हती. अंगणात येरझाऱ्या चालूच.

मेडिकलला व्हरांड्यात आम्ही ओळीनं बसलो होतो. आधी एक क्रेनवाला आत जाऊन आला. मग भाऊंचं नाव पुकारलं. त्यांनी बुटांवरून रुमाल फिरवला आणि आत गेले. दोन मिनिटंही झाली नसतील, बाहेर आले. माझ्याकडे बघितलं नाही. सायकल काढली आणि गेले. मी हाक मारली, "भाऊ! झालं?" पण ते फाटकाबाहेर पडले होते.

पुढचं नाव माझंच होतं. डॉक्टरच्या टेबलावर एक पुस्तक उघडं पडलेलं होतं. पानभर रंगीत ठिपके आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. लाल-हिरवं ज्याला वेगळं दिसत नाही त्याला तो आकडा दिसत नाही. मी वायरमन माणूस, माझी ती परीक्षा व्हायचीच. डॉक्टरनं विचारलं आणि मी पटापटा आकडे सांगितले. काहीच कष्ट पडले नाहीत. मग विचारलं, "साहेब, ते रामटेके?"

"काय की बुवा," डॉक्टर म्हणाले. "आत आले, टेबलाकडे बघितलं, मला नमस्कार केला आणि गेले. मला वाटलं, बाहेर जाऊन येताहेत. बोलवा त्यांना, वजन-छातीच घ्यायची राहिली आहे."

"आणि हे पुस्तक?"

"ते मघाच्या क्रेनवाल्यासाठी काढलं होतं. स्टोअरवाल्यांना कशाला? बारापर्यंत आहे मी इथे. मग कागद जातात."

तोपर्यंत माझ्या डोक्यात काहीच शिरलं नव्हतं. सायकल मारत कॅम्पाकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत सगळं एकदम कळलं. भिंतीवरची झाडं. हातात राहिलेला कप. बिननावाचे डबे.

घरी पोचलो तर होल्डॉल सोडलेला होता. इतक्या वर्षांनी. पट्टे दोन बाजूंना पडलेले, गादी जमिनीवर पसरलेली आणि तिच्यावर भाऊ आडवे. पायात बूट नाहीत. त्यांच्या पायांना बुटांच्या रेषा पडल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. ते पुस्तक तुमच्यासाठी नव्हतं, डॉक्टर थांबले आहेत, उठा, पंधरा मिनिटांत पोचू.

ते छताकडे बघत म्हणाले, "तू चांगला पोरगा आहेस. पण मले समजावून नको राहू."

"खोटं नाही भाऊ! त्यांनी स्वतः सांगितलं."

"असं नसते रे वसंता. मी रेल्वेच्या घरातला आहो. थे पुस्तक पाह्यल्याशिवाय कोणी कोणाले पास करत नाही." मग आपणहून बोलायला लागले. अठराव्या वर्षी रेल्वेत भरती व्हायला गेले होते. समोर दिवे दाखवले. लाल दिव्याला ते हिरवा म्हणाले. बाबा बाहेर बाकावर पेढे घेऊन बसलेले होते.

"बाबाले वाटे, तयारी कमी पडली. तयारी केली का सगळं येते. महिनाभर रोज दिवेलागणीले थे दोन कंदील घेऊन अंगणात उभे राहत. हा कोणता? हा कोणता? मी सांगो. कधी बरोबर येये, कधी नाही. मंग मले समजलं, लाल उचलला का बाबाचा हात जरासा कापते. त्याच्यावरून सांगो. बाबा खूश. दुसऱ्यांदा घेऊन गेले. तिथं हात दुसऱ्याचा होता ना गा." ते हसले. "परत येताना बाबा गाडीत एक शब्द बोलले नाही. एकदा ऐकलं आहे मी, नापास म्हणून. दुसऱ्यांदाही ऐकलं. आता ह्या वयात तिसऱ्यांदा कावून ऐकू?"

मी त्यांचा हात धरून ओढला. चिडलो, ओरडलो, शेवटी रडकुंडीला आलो. ते जागचे हलले नाहीत. सदान्‌कदा निघायला उभा असलेला हा माणूस, खरं निघायची वेळ आली तेव्हा दगडासारखा पडून राहिला. बाराचा भोंगा झाला. आम्ही दोघांनी तो पुरता ऐकला.

बाहेर अंगणात वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच समजलं. माह्या हिरव्या चुड्याले लाल म्हणाले." त्या सुपाकडेच बघत होत्या. "त्यायनं कधी सांगतलं नाही. मी कधी विचारलं नाही."

मी गेलो. रशियाला जाऊ नये असं वाटत होतं, पण गेलो. दुर्ग स्टेशनावर भाऊ नेहमीसारखे आले. पायात बूट होते, तेवढं बघून मला बरं वाटलं. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून एक घडी केलेला कागद दिला. "कविता आहे. माह्याकडून म्हण तिकडं. वजन नाही तिचं. चौथी ओळ तू जोड." गाडीबरोबर धावले, पण ओरडले काहीच नाही.

तिकडे आमच्या वसाहतीच्या मागे जंगल होतं. ऑक्टोबर लागला आणि एका सकाळी पहिला बर्फ पडला, झाडांची पानं गळायच्या आतच. मी मेसकडे निघालो होतो आणि तिथेच थबकलो. खाली पांढराशुभ्र बर्फ. बर्फातून वर आलेली झाडंच झाडं. बुंधे हिरवट आणि पानं लालभडक. नदीसुद्धा होती. बरोबरचा माणूस म्हणाला, "चल ना बे, चाय ठंडी होईल." माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि थंडीनं लागली असं मी त्याला सांगितलं. त्या झाडाला तिकडे ओसीना म्हणतात, हे मी मेसवाल्या बाईला पान दाखवून विचारलं. निरोपाच्या दिवशी भाऊंची कविता म्हटली, अर्थ दुभाष्यानं सांगितला. 'ओल लागू देऊ नका' आलं तेव्हा ती मेसवाली बाई हसली आणि मग ॲप्रनला डोळे पुसत बसली.

परत आलो तेव्हा ट्रेनिंग इकडेच सुरू झालं होतं. तिकडे बॅच पाठवणं थांबलं होतं. भाऊंचं अंगण रिकामं, खोकी एकावर एक रचून ठेवलेली. भाऊ चक्क बसून चहा पीत होते, होल्डॉल मात्र पुन्हा बांधलेला. मला पोटाशी धरलं. पहिला प्रश्न, "चौथी ओळ?"

"नाही जमली भाऊ."

"तिकडं जाऊनही नाही जमली?" त्यांना फारच बरं वाटलं. "मंग मी म्हणत नव्हतो?"

मी वहीच्या पानांत दाबून आणलेली पानं काढली. तिथल्या जंगलातली आहेत, एवढंच सांगितलं. कसं सांगावं ते गाडीत, बोटीत, सगळीकडे घोकत आलो होतो, आणि ऐन वेळी पानं नुसती पुढे केली.

भाऊंनी एक पान देठाला धरलं. उजेडाकडे नेलं, फिरवलं, जवळ धरलं. मी आजवर त्यांना कधी कोणाला रंग विचारताना ऐकलं नव्हतं. वांगी घेताना नाही, लुगडं घेताना नाही.

"सुभद्रा," त्यांनी हाक मारली. वहिनी हात पुसत आल्या. "सांग बरं, हे कोणत्या रंगाचं आहे?"

वहिनींनी पान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली.

"तुमच्या भिंतीवरलंच आहे," त्या म्हणाल्या.

भाऊ उठले, पान घेऊन भिंतीपाशी गेले आणि ते एका झाडावर ठेवून तळव्यानं दाबून धरलं. "आता दिसते का?" त्यांनी विचारलं.

"नाही दिसत," वहिनी म्हणाल्या. "त्यातच मिसळलं."

ते तसेच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून, हात भिंतीवर. मग होल्डॉलमधलं अंथरूण खोलीत घालायला सांगितलं. वसंता थकून आला आहे, म्हणाले, आज इथंच झोपन.